न चाललेल्या गाडीचा दाखला

करसल्लागाराने एक आलिशान, वेगवान आणि ऐपतीच्या दोन बोटं वर असलेली सेडान घेतली. यात विशेष काही नाही, माणसं घेतात. शोरूममधल्या विक्रेत्याने त्याला सांगितलं की ही गाडी शून्यावरून शंभरावर चार सेकंदांच्या आत जाते, हिच्या सायलेन्सरचा आवाज इंजिनियरांनी खास बसून जुळवला आहे आणि हिच्या सीटचं कातडं स्वभावाने मऊ आहे. किमतीच्या बाबतीत हीच गाडी शंभरावरून शून्याकडे जाते आणि त्यालाही फार वेळ लावत नाही, हे सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं.

खरं तर करसल्लागाराला हे ठाऊक असायला हवं होतं. वापराने वस्तूची किंमत दरवर्षी उतरते, त्या उतरण्याला कागदोपत्री घसारा म्हणतात, आणि लोकांच्या यंत्रांना, खुर्च्यांना, पंख्यांना घसारा लावून त्यांचा कर वाचवणं हाच त्याचा धंदा होता. अशिलाचं यंत्र जितकं मातीमोल, तितका अशील खूश. पण आपल्या दारातल्या वस्तूलाही घसारा लागू होतो, हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं. डॉक्टरलासुद्धा स्वतःला ताप चढला की नवल वाटतंच.

त्याचे डोळे उघडले वरच्या मजल्यावरच्या टर्बोने. टर्बोचं खरं नाव इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्याकडेही हीच गाडी होती आणि ती त्याने नुकतीच विकली होती. तो पार्किंगमध्ये भेटला तेव्हा भावाची जुनी स्कूटर चालू करायच्या खटपटीत होता.

"कशी गेली रे?" करसल्लागाराने विचारलं.

"निम्म्यात," टर्बो म्हणाला. "आणि ते देतानाही घेणारा उपकार केल्यासारखा बघत होता. शोरूमच्या गेटातून बाहेर पडतोस ना, तिथेच अर्धं संपतं. बाकीचं मीटर खातो. त्यातून नवीन दिवेवालं मॉडेल आलं, की मग विचारूच नकोस. तुझी किती चालली?"

"नऊशे शहाऐंशी."

टर्बोने स्कूटर स्टँडला लावली आणि जवळ आला. "अजून हजार नाही झाली? अरे, मग तू वाचलास. हजाराच्या आतली गाडी जुन्या बाजारात 'अस्पर्शित' श्रेणीत जाते, म्हणजे जवळजवळ नवीच्या भावात. हजारावर काटा गेला, की ती 'वापरलेली'. माझं ऐक, आता तिला हलवू नकोस. चांगलं गिऱ्हाईक मिळेपर्यंत दम धर."

करसल्लागाराने दम धरला. दुसऱ्या दिवसापासून तो बायकोच्या स्कूटरवर मागे बसून ऑफिसला जाऊ लागला. बायको पोहण्याची प्रशिक्षक होती, तरणतलाव ऑफिसच्या वाटेवरच होता. पुढे बायको, मागे मांडीवर ब्रीफकेस घेतलेला करसल्लागार आणि घरी शेडखाली चार सेकंदांत शंभर गाठणारी गाडी, अशी व्यवस्था लागली. पहिले काही दिवस इमारतीतले लोक गाडी बिघडली का म्हणून विचारत. "छे, उत्तम आहे, म्हणूनच," असं तो सांगायचा, आणि लोक पुढचं विचारायचं टाळायचे.

एवढ्यावर भागलंही असतं, पण घरात नाना होते.

नाना म्हणजे करसल्लागाराचे वडील. ऐंशी ओलांडलेले, कान शाबूत, गुडघे नाराज. त्यांची एकुलती एक धाकटी बहीण बेबीआत्या नदीपलीकडे राहायची. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. लेकाची नवी गाडी दारात आली त्या दिवशीच नानांनी एकच मागणं मागितलं होतं, की एकदा मला हिच्यातून बेबीकडे ने. "गाडीचा रुबाब मला नको दाखवूस," ते म्हणाले होते, "बेबीला दाखव. तिला लहानपणी मी सायकलच्या दांडीवर बसवून फिरवायचो. म्हणावं, बघ, आता कशातून आलो."

आज-उद्या करत ते राहून गेलं होतं; नानांनी पुन्हा आठवण केली तेव्हा करसल्लागाराने हिशेब केला. नऊशे शहाऐंशी अधिक वीस. हिशेब त्याने दोनदा केला, कारण वडिलांचा प्रश्न होता. पण दोन्ही वेळा उत्तर हजाराच्या वरच आलं.

"नेतो ना नाना," तो म्हणाला. "गाडी विकली की लगेच नेतो."

"विकल्यावर कशातून नेणार?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

गाडी न हलवण्यात एक तांत्रिक अडचण आली. सर्व्हिस सेंटरवाल्याने बजावलं, की अशा गाड्यांच्या बॅटऱ्या नाजूक असतात, आठवड्यातून एकदा तरी इंजिन चालू ठेवा. तेव्हा दर रविवारी सकाळी करसल्लागार खाली जाऊन, जागच्या जागी गाडी चालू करून बसू लागला. तो आवाज ऐकायला अर्धी इमारत गॅलरीत यायची. एका रविवारी नानाही खाली उतरले आणि मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसले.

"पेट्रोल जळतंच आहे, तर बसतो जरा," ते म्हणाले. "एसी छान आहे."

मग तो रिवाजच पडला. नाना रविवारी इस्त्रीचा शर्ट घालायचे, दाढी करायचे आणि खाली येऊन मागे बसायचे. पायाखाली वर्तमानपत्र अंथरलेलं असायचं. पुढे बायको, कारण गाणी तिच्या पसंतीची लागायची. हळूहळू दहा मिनिटांचा तास झाला, मग रविवारच्या जोडीला बुधवार आला, आणि उन्हाळ्यात तर रोज संध्याकाळी. नाना खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत वाट सांगायचे. "आता पूल आला. पाणी उतरलंय बघ. आता डावीकडे वळ, बेबीचं घर पिवळ्या दुकानाच्या मागे." करसल्लागार भिंतीकडे तोंड करून स्टिअरिंग थोडं डावीकडे फिरवायचा. तेवढं करायला त्याची हरकत नव्हती, स्टिअरिंग फिरवल्याने मीटर पडत नाही.

"एकदा खरोखर नेऊन आणा ना हो त्यांना," बायको एका संध्याकाळी म्हणाली. "गाडी वापरायला घेतात."

"काचेच्या कपाटातला तो कपबशांचा सेट लग्नापासून पाहुण्यांसाठी ठेवलायस," करसल्लागार म्हणाला. "त्यातून कधी चहा प्यायलोय आपण?"

"ते वेगळं," बायको म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

होता होता वर्ष उलटलं. आणि एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. पहिली टर्बोने आणली, की नवीन दिवेवालं मॉडेल येतंय, विकायची असेल तर आत्ताच. दुसरी बेबीआत्याने स्वतः फोन करून दिली. तिची मुलगी तिला कायमची परदेशी घेऊन चालली होती. घर आवरायला काढलं होतं, महिनाअखेरचं विमान होतं.

नाना फोन ठेवून म्हणाले, "बाळ, आता मात्र एकदा नेलंच पाहिजेस. ती काही परत यायची नाही, आणि मी काही तिकडे जायचा नाही."

"नक्की नाना. महिनाअखेरीच्या आत गाडी जातेच आहे. ती गेली की दुसऱ्या मिनिटाला टॅक्सी करतो."

"टॅक्सीने मी माझा जाईन की. मला तुझ्या गाडीतून जायचंय."

करसल्लागाराला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यालाही बाजारभाव असतो, आणि नवीन दिवे येत होते.

जुन्या गाड्यांच्या कंपनीने मूल्यांकक पाठवला. तो पांढरे हातमोजे घालून आला. त्याने रंगाची जाडी मोजली, दारं उघडमिट करून कान लावला, मागच्या सीटवर वाकून हुंगलं आणि शेवटी गाडीला लॅपटॉप जोडला. लॅपटॉपकडे बघता बघता त्याचा चेहरा बदलत गेला.

"साहेब, गाडी चालली नऊशे शहाऐंशी?"

"एक किलोमीटर जास्त नाही."

"आणि इंजिन चाललंय चारशे तासांवर." त्याने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "म्हणजे सरासरी वेग ताशी अडीच किलोमीटरसुद्धा नाही. या गाडीचा. माझी आजी बाजारात याच्यापेक्षा जोरात जाते."

"ती उभी होती. आम्ही नुसते बसायचो."

मूल्यांककाने सहानुभूतीने मान हलवली. "सगळे असंच काहीतरी सांगतात. पुढचं बघा. ड्रायव्हरच्या सीटपेक्षा मागची डावी सीट जास्त दबलीय. खड्डा पडलाय. हा पॅसेंजरचा खड्डा आहे. गाडी टॅक्सीला लावली होती आणि नंतर मीटर मागे फिरवला, असा याचा सरळ अर्थ होतो."

"अहो, तो माझ्या वडिलांचा खड्डा आहे."

"असेल. पण आमच्या अर्जात वडिलांसाठी रकाना नाही. मीटर खरा, नाहीतर फिरवलेला. फिरवलेला असेल तर श्रेणी 'संशयास्पद', आणि तो भाव ऐकायला तुम्ही आधी खाली बसा." करसल्लागार बसला. भाव ऐकला. आणखी खाली बसायला जागा नव्हती. "एक उपाय आहे," मूल्यांकक हातमोजे काढता काढता म्हणाला. "वाहन कार्यालयाकडून दाखला आणा की ही गाडी एवढ्या काळात कुठेही गेली नाही. मग आपण लगेच अस्पर्शित करून टाकू."

वाहन कार्यालयात खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, ती त्याने जास्त लक्षपूर्वक वाचली.

"वाहन चालल्याचा दाखला देतो आम्ही," तो म्हणाला. "न चालल्याचा अजून कुणी मागितला नाही. पण नियमात बसेल. तपासणीला गाडी घेऊन या."

"इथे आणली तर ती चालेल ना."

"मग न चालल्याचा दाखला कसा द्यायचा?"

"म्हणूनच म्हणतोय, आणत नाही."

"न तपासता दाखला? नोकरी घालवता का माझी?"

"दुसऱ्या गाडीला बांधून ओढून आणली तर?"

"ओढून आणलेली गाडी नादुरुस्त धरतात. तशी नोंद कायमची पडते." कारकून खुर्चीत मागे रेलला. त्याला या प्रकरणात हळूहळू रस वाटू लागला होता. "स्थळपाहणीचा अर्ज करा. निरीक्षक तुमच्या दारात येतील. तोवर गाडी आहे त्या स्थितीत ठेवायची. पुसायची नाही, धुवायची नाही, चाकं फिरवायची नाहीत. साचलेली धूळ हाच तुमचा पुरावा."

करसल्लागाराने घरी येऊन गाडीभोवती दोरी बांधली. मागच्या चाकात कोळ्याने जाळं विणलं होतं, ते तर त्याला दैवी मदतच वाटली. त्याने त्या जाळ्याशेजारी पुठ्ठ्यावर 'मोडू नये' असं लिहून लावलं. झाडू मारणाऱ्या बाईला लांबून झाडायला सांगितलं. सकाळ-संध्याकाळ तो खाली जाऊन कोळ्याची चौकशी करून येई. नानांची जागेवरची फेरीसुद्धा बंद झाली, सीटचा खड्डा आणखी खोल व्हायला नको म्हणून.

स्थळपाहणीची तारीख आली ती महिनाअखेरची. बेबीआत्याचं विमान त्याच दुपारचं.

त्या दिवशी सकाळी करसल्लागार अर्जांची फाइल घेऊन खाली आला, तर दोरी सुटलेली होती आणि नाना मागच्या डाव्या सीटवर बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, मांडीवर कागदात गुंडाळलेली काहीतरी वस्तू.

"नाना, काय हे? कुठे निघालात?"

"बेबीकडे," नाना म्हणाले. "तू नुसती चालू कर. मी नेहमीसारखा जाऊन येतो. वेळ नाही लावणार."

त्यात टोमणा असता तर करसल्लागाराला सोपं गेलं असतं. पण नाना समोरच्या भिंतीकडे अशा डोळ्यांनी बघत होते, की जणू तिथे पूल येण्याची वाट पाहत असावेत. वर्षभराचे सगळे हिशेब त्याच्या डोक्यात एकदम गोळा झाले आणि एकदमच लाजिरवाणे वाटले.

"नाना," तो म्हणाला, "पट्टा लावा. आज खरं जायचं."

त्याने पुठ्ठा उचलून फेकला, दोरी लाथेने बाजूला सारली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसला. इंजिन गुरगुरलं. त्याने गिअर टाकला, पाय दाबला. इंजिनियरांनी खास बसून जुळवलेला तो आवाज साऱ्या इमारतीत घुमला, गॅलऱ्या भरल्या, गाडीचं मागचं अंग जरा खाली बसलं, आणि गाडी तिथेच राहिली. त्याने पुन्हा पाय दाबला. मागचे ब्रेक वर्षभराच्या गंजाने चाकांना असे चिकटले होते, की आता ते वेगळे मानायला तयार नव्हते. टायर जमिनीवर टेकून टेकून एका बाजूने चपटे झाले होते. चारशे घोड्यांचं बळ होतं म्हणतात, पण त्यातला एकही घोडा जागचा हलेना.

"पूल आला का?" नानांनी मागून विचारलं.

"नाही नाना." त्याने तिसऱ्यांदा पाय दाबला, मग चौथ्यांदा, आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

काचेवर कुणीतरी टकटक केलं. बाहेर निरीक्षक उभा होता. तो बराच वेळ उभा असावा, कारण त्याच्या चेहऱ्यावर निखळ समाधान होतं.

"उत्तम," तो म्हणाला. "सतरा वर्षं या खात्यात आहे, पण अर्जदाराने स्वतः प्रात्यक्षिक दिलेलं पहिल्यांदा बघतोय. ही गाडी कुठेही गेलेली नाही आणि जाणंही शक्य नाही. कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत आहे." त्याने तिथल्या तिथे दाखला लिहिला, शिक्का मारला आणि ओल्या शाईवर फुंकर घातली.

एवढ्यात फाटकातून एक खिळखिळी टॅक्सी आत आली. टपावर बॅगा बांधलेल्या, एक दार दुसऱ्याच रंगाचं. आतून बेबीआत्या उतरली.

"म्हटलं दादा काही येत नाही," ती म्हणाली, "तर विमानतळाच्या वाटेवर आपणच वाकडी वाट करावी." मग तिचं गाडीकडे लक्ष गेलं. तिने धुळीतून बोट फिरवून खालचा चकचकीत रंग पाहिला. "किती सुरेख आहे रे. परवाच घेतलीस का?"

करसल्लागाराने नानांसाठी मागचं दार उघडलं.

नाना पट्टा सोडून उतरले आणि त्यांनी कागदातली वस्तू बहिणीच्या हातात दिली. सायकलची जुनी घंटी होती. बेबीआत्याने ती वाजवून पाहिली, हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "चल दादा, विमानतळापर्यंत तरी ये," ती म्हणाली. "तेवढ्याच गप्पा होतील. परत हाच टॅक्सीवाला आणून सोडेल तुला."

टॅक्सीत आत्याची मुलगी आणि बॅगा यांमुळे आणखी एकाचीच जागा उरली होती. नाना बसले. करसल्लागार दाराला धरून उभा राहिला. "नाना, तुम्हाला न्यायचं होतं हो खरंच," तो म्हणाला. नानांनी त्याच्या हातावर थोपटलं. "नेलंस की रे वर्षभर," ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हेच त्याला जास्त लागलं. टॅक्सी खडखडत फाटकाबाहेर गेली आणि वळणापलीकडूनही थोडा वेळ घंटी ऐकू येत राहिली.

करसल्लागाराने हातातल्या दाखल्याकडे पाहिलं आणि सवयीने मूल्यांककाला फोन लावला.

"अभिनंदन," मूल्यांकक म्हणाला. "मीटर खरा ठरला. श्रेणी अस्पर्शित. दाखल्यात आणखी काय लिहिलंय?"

"वाहन चालण्यास पूर्णतः असमर्थ."

"असं होय," मूल्यांकक म्हणाला. "मग अस्पर्शित भंगार. वजनावर घेऊ. सीट मऊ आहे, तिचे थोडे जास्त धरता येतील, पण एका सीटला खड्डा आहे ना."

वर घरात निरीक्षकाला चहा द्यायचा होता. बायको थोडा वेळ काचेच्या कपाटासमोर उभी राहिली, मग किल्ली फिरवून तिने तो सेट काढला, धुतला आणि त्यात चहा ओतला. बेबीआत्या आली की काढू, असं तिने लग्नाच्या वर्षी ठरवलं होतं. पुढे प्रत्येक वेळी वाटलं, ती तर घरचीच, एखादा बरासा पाहुणा आला की काढू.

"सेट अगदी नवा आहे," निरीक्षक कप वर धरून म्हणाला.

"हो," बायको म्हणाली. "न वापरल्याचा दाखला देता का त्याचाही?"

ही हकीकत ऐकून इमारतीतले लोक खूप हसले. तुम्हीही हसला असाल, हरकत नाही. हसून झालं की टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक चाचपून बघा, कपाटातली ती घडी न मोडलेली चादर बघा, आणि मग आठवून बघा, हे सगळं ज्यांच्यासाठी जपून ठेवलंय त्यांतलं यायचं अजून कोण कोण राहिलंय.